फ्रॉकवरचं मीठ

रोहणा, ता. आर्वी
१९ जानेवारी २०२५

ती. शोभाबाई,

सडा टाकून झाला होता, चूल पेटायची होती आणि मी न्हाणीजवळच्या दगडावर बसून कपड्यांना साबण लावत होते. हेमराज आणि सूनबाई देवळीहून दिवाळीला आले होते. त्यांची आचल तेव्हा नुकती चालायला लागलेली. आदल्या दिवशी ती खळ्यात खेळून घामाने चिंब झाली होती, तो तिचा पिवळा फ्रॉक धुण्याच्या ढिगात पडला होता. आपल्या शेळीने समोरचा हिरवा पाला सोडला, मान लांब करून तो फ्रॉक ओढला आणि गळ्यापाशी चाटत उभी राहिली. मी हाकलली तरी परत आली. फ्रॉक हिसकून पाहिला, तर गळ्याला आणि काखेला पांढरी रेघ. तुमचे भाऊ कडुनिंबाची काडी चावत उभे होते. म्हणाले, "हे पोट्टी का मिठाच्या पोत्यात झोपली होती वो?" आम्ही दोघंही हसलो. मी फ्रॉक धुतला, तारेवर टाकला आणि भाकरी थापायला आत गेले.

बाई, ती सकाळ हल्ली माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पोरीच्या आजाराचं नाव आम्हाला गेल्या वर्षी कळलं. आधी बाळदमा म्हणून औषधं झाली, मग टीबी म्हणून झाली. शेवटी नागपूरला तिच्या हाताच्या घामाची तपासणी केली, तेव्हा सिस्टिक फायब्रोसिस निघालं. घामातलं मीठ मोजूनच हा आजार ओळखतात. म्हणजे शेळीच्या जिभेला जे लागलं, ते हेच.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मी ओरडले की शेजारचे गोळा होतात, म्हणून सगळं लिहूनच कळवते. हा आजार जन्मापासूनचा असतो. अंगातलं मीठ आणि पाणी जिथे थांबायला हवं तिथे थांबत नाही. घामावाटे मीठ निघून जातं, आणि आत छातीतला कफ बाभळीच्या डिंकासारखा घट्ट होतो. अन्न पचत नाही म्हणून प्रत्येक जेवणासोबत कॅप्सूल. कफ सुटायला मिठाच्या पाण्याची वाफ मशीनवर घ्यायची. देवळीला जिनिंगचा कापूस उडतो, ती धूळ तिला सोसत नाही, म्हणून हेमराजने तिला माझ्याकडे ठेवली आहे, हे तुम्हाला माहीत आहे.

आता नवीन गोष्ट. वर्ध्याला व्यायाम शिकवणाऱ्या प्रेरणा मॅडम आहेत. त्या म्हणतात, आचलला पळू द्या. रोज. धाप लागेल इतकं.

इतकी वर्षं आपण तिला पायरीसुद्धा उचलून चढवली. तुमचे भाऊ तुऱ्हाट्यांचा भारा घेऊन शेतातून येताना धुऱ्याच्या बांधावर टेकले आणि उठलेच नाहीत, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून घरात कोणाला धाप लागली की मी हातातलं काम टाकून धावते. तुम्ही घरात सगळ्यांत मोठ्या. तुम्हाला काय वाटतं ते लिहा.

तुमची
विमल

•

गिरड
२२ जानेवारी

चि. विमलले आशीर्वाद.

तुह्यं पत्र भेटलं. मी बोलते तशीच लिहते, चुका काढू नको. तू पुस्तकं वाचून शहाणी झाली, मी नाई झाली.

काऊन पळवता त्या पोट्टीले? अंगावर मांस नाई, खोकून खोकून बरगड्या दिसतात, अन् तिले पळवायचं म्हणता? माहा भाऊ धडधाकट होता. बैलासारखा. चालता चालता गेला. त्याले कोणता आजार होता? कोणताच नाई. मंग जिले आहे तिचं काय होईन?

मॅडम शिकलेल्या असतीन, पण त्याईनं आपल्या घरचं मरण पाहलं नाई.

माह्या कानाची मजा सांगते. परवा सून म्हणे मशीन लावा कानात. म्या म्हटलं, पन्नास वर्षं या घरचं सारं ऐकलं, आता थोडा आराम करू दे. बी.पी.चा डॉक्टर वेगळाच मांगं लागला. मीठ सोडा, मीठ सोडा. लोणच्याशिवाय माह्या गळ्याखाली घास उतरत नाई हे त्याले कोण सांगन?

२६ जानेवारीच्या सुट्टीत आचलले माह्याकडं धाडून दे. टेकडीवर बाबाच्या दर्ग्यात नेते तिले. औषधाचं मले कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देजो. नीट सांभाळीन.

तुही
शोभा

•

रोहणा
२३ फेब्रुवारी

ती. शोभाबाई,

आचल तुमच्याकडून आली ती खूश होऊन आली. तुम्ही दिलेल्या कुरड्या आणि सरगुंडे मिळाले. तिकडून आल्यापासून पोरगी थोडी गंभीर झाली आहे, पण गोड बोलते.

बाई, मी तुमचं ऐकलं नाही. आधी हे सांगून टाकते म्हणजे पुढचं लिहिता येईल.

प्रेरणा मॅडमनी तिला हॉस्पिटलच्या लांब व्हरांड्यात चालायला लावलं. बोटाला चिमट्यासारखं यंत्र, त्यात रक्तातली हवा दिसते. एका टोकाला खुर्ची, दुसऱ्या टोकाला मी. आचल येते आणि जाते. मॅडम मध्येच विचारतात, किती धाप लागली, पाय दुखतात का. शेवटी मॅडम माझ्याकडे बघून हसल्या. "आजी, श्वास घ्या आता. पोरगी चालून राह्यली, अन् दम तुम्ही रोखून धरला."

मी त्यांना सरळ विचारलं, "मॅडम, मैदानात पडली तर?"

त्या म्हणाल्या, "पडू शकते. म्हणून तर आधी तपासतो. ताप असेल, कफात रक्त दिसलं, बोटावरचा आकडा खाली गेला, तर त्या दिवशी पळायचं नाही. उन्हात पळायचं नाही. पळायच्या आधी आणि नंतर मीठ-साखर-लिंबाचं पाणी, आणि जेवणात मीठ इतरांपेक्षा जास्त. एवढं पाळलं तर व्यायामानं गंभीर काही झाल्याचं क्वचितच दिसतं. बसून राहिली तर मात्र छाती बिघडत जाणारच, ते मी रोज बघते."

घरी आल्यावर आचलचं विज्ञानाचं पुस्तक काढून वाचलं. मला वाचायला तुमच्या भावांनीच शिकवलं, रद्दीच्या पेपरवर बोट ठेवून, हे तुम्हाला आठवत असेल. त्यात लिहिलंय की फुप्फुसात बारीक बारीक फुगे असतात, मोजता येणार नाहीत इतके. ते सगळे उसवून अंथरले तर आपलं खळं झाकून उरेल. मी पुस्तक मांडीवर ठेवून खळ्याकडे बघत बसले. आपण जिथे सोयाबीन वाळवतो तेवढी जागा त्या काडीसारख्या पोरीच्या छातीत घडी घालून ठेवलेली आहे!

आणि पळण्याचं काय सांगू. इथे शाळेच्या मैदानावर पोलीस भरतीच्या पोरी सराव करतात. त्यांची म्होरकी पौर्णिमा, आपल्या वस्तीशेजारच्या बुद्धविहाराजवळ राहते, ती आचलला सोबत घेते. पहिल्या दिवशी पोरगी अर्ध्या फेरीत वाकली आणि इतकी खोकली की मी पदर तोंडात धरला. पण प्रेरणा मॅडम म्हणाल्या तसंच झालं. पळताना छाती हलते, श्वास खोल जातो आणि चिकटलेला कफ सुटतो. आम्ही पाठ थोपटून थोपटून जे काढायचो, ते तिचं तिनेच काढलं. मग सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, हवा आत गेली." जणू काही पाहुणे आले.

पौर्णिमा म्हणते, "आजी, तुमची नात पोलिसात लागली तर चोर तिच्या खोकल्यानंच पळतीन." आचल तिला म्हणाली, "अन् तुह्या घोरण्यानं ठाणेदार."

आता ती पूर्ण फेरी मारते. थांबली की कपाळावर घाम वाळतो आणि भुवयांच्या वर पांढरं मीठ उमटतं. मला दर वेळी ती शेळी आठवते. मग वाटतं, तुमच्या भावांनी हे बघायला हवं होतं. मैदानाच्या कडेला मी एकटी बसते, पण शेजारी जागा ठेवून बसते.

एकच काळजी आहे. गुरुवारी तिचं जेवणात लक्ष नसतं. भाजी तशीच सारते आणि दुधात भाकर कुस्करून खाते. मी विचारलं तर म्हणते, "आज मन नाई." त्या दिवशी पळतानाही ओढल्यासारखे पाय टाकते. गुरुवारी शाळेत गणिताचे दोन तास असतात, त्याचा ताण असेल. आणि अंगणातली जास्वंद उगाच वाळायला लागली आहे. मुळाला काही लागलं असेल.

तुमची
विमल

•

गिरड
३ मार्च

चि. विमल,

तू ऐकलं नाई ते मले पत्र फोडायच्या आधीच ठाऊक होतं. माहा भाऊ पुंडलिकही असाच होता. हो म्हणे अन् आपलंच करे.

पण एक सांगते. पोट्टी तुह्यापेक्षा समजदार आहे. मोठ्यायचं ऐकते. तिची न् माही एक गोष्ट ठरली आहे, ते तुले सांगायची नाई. तू पुस्तकातलं पाहा, मी माह्या परीनं पाहते. एक दिवस ते टेकडी आपल्या पायानं चढन, तवा बोलजो.

जास्वंदीले ताक घालून पाहा.

शोभा

•

रोहणा
३० मार्च

ती. शोभाबाई,

घाबरू नका. आचल घरी आहे, बोलते आहे, बसून चहा पिते आहे. हे आधी लिहिलं, आता बाकीचं लिहिते.

ऊन वाढलं म्हणून सकाळची शाळा लागली. त्यामुळे पोरी दिवस कलला की पळायला जातात. गेल्या गुरुवारी ऊन उतरलं तरी जमीन तापलेलीच होती. मी कडेला होते. आचल दुसऱ्या फेरीला वळली आणि तिचा पाय मुरगळल्यासारखा वाकडा झाला. पोटऱ्या दगडासारख्या घट्ट. मग उलटी. मग डोळे फिरवले. पौर्णिमेने तिला खांद्यावर टाकलं आणि पळाली. इतके दिवस जे पळणं शिकली ते तिने त्या दिवशी वापरलं. आर्वीपर्यंत जीप मिळाली, तिथून वर्ध्याला.

डॉक्टर म्हणाले, रक्तातलं मीठ फार खाली गेलं आहे. सलाईन लावलं. रात्र काढली. पहाटे तिने डोळे उघडून पाणी मागितलं, तेव्हा मला जमीन पायाखाली लागली.

प्रेरणा मॅडम भेटायला आल्या. म्हणाल्या, "आजी, सांगितलेलं मिठाचं पाणी रोज देत होता?" मी म्हटलं, रोज. माझ्या हाताने पेला भरून देते, शाळेची बाटली भरते, वरणात मीठ इतकं की मला खाववत नाही. त्यांनी कागदावरचे आकडे पुन्हा पाहिले. म्हणाल्या, "मग इतकं मीठ गेलं कुठं, हे शोधायला पाहिजे. तोवर थांबू. पण कायमचं बंद करू नका."

मी मान हलवली, पण मनात ठरवून टाकलं होतं. घरी आल्यावर तिचे पळायचे बूट तुमच्या भावांच्या लोखंडी पेटीत ठेवले आणि कुलूप लावलं. त्या पेटीत त्यांचा कोट आहे आणि चष्मा आहे. ती पेटी मी उघडत नाही, हे आचलला माहीत आहे. तिने बघितलं आणि जाऊन वाफेचं मशीन पुसायला घेतलं. रडली असती तर बरं झालं असतं.

तुम्ही जानेवारीत लिहिलं होतं ते खरं ठरलं. आता तुम्ही मला चार शब्द बोललात तरी चालेल.

छातीतली घरघर पुन्हा वाढली आहे. काल मशीनची वाफ घेऊनही कफ सुटला नाही. ती खिडकीत बसते, मैदानावरून पौर्णिमेची शिट्टी ऐकू येते, आणि हिचे पाय खुर्चीखाली हलत राहतात.

तुमची
विमल

•

गिरड
६ एप्रिल

चि. विमल,

पत्र वाचून माह्या हातातलं सूप खाली पडलं. सुनेनं दोनदा वाचून दाखवलं, मले वाटलं डोळेही गेले कानासारखे.

मी तुले काई बोलत नाई. बोलायची येळ नाई हे. पोट्टी वाचली, बाबाची कृपा. अन् आता तुले सांगतेच, म्हणजे तुही काळजी जाईन.

२६ जानेवारीले मी तिले टेकडीवर नेलं होतं. अर्ध्यावरच ते बसली. छातीत भाता चालल्यावानी आवाज. लोकं बाजूनं चढून राह्यले अन् आपली पोट्टी पायरीवर बसून त्याईच्या चपला पाहते. माह्या काळजाचं पाणी झालं. तिथंच मी बोलली. माह्या सासरी रीत आहे, ज्याच्यासाठी मागायचं त्यानं अळणी दिवस धरायचा. माह्या सासूनं माह्या दिराले असंच धरायले लावलं होतं. म्या आचलले म्हटलं, तू गुरुवार अळणी पाळ. त्या दिवशी मिठाचा कण तोंडात घ्यायचा नाई, कोणाले सांगायचं नाई. आपल्या पायानं टेकडी चढली का सुटला. मधात मोडायचा नाई, नाई तर घरावर येते. ज्यानं बांधला त्यानंच सोडायचा.

तिनं मान हलवली. तवापासून एकही गुरुवार मोडला नाई तिनं. म्या चिठ्ठीत इचारलं होतं, तिनं लिहलं, पाळते आजी.

एवढं मोठं संकट आलं न् टळलं, ते कशानं? तूच सांग. तिचे गुरुवार कामी आले.

शोभा

•

रोहणा
१२ एप्रिल

ती. शोभाबाई,

तुमचं पत्र मी उभ्याने वाचायला घेतलं आणि बसून संपवलं.

मी तुमच्यावर रागावले. खोटं कशाला लिहू? दिवसभर रागावले होते. भांडी आपटली, शेळीला ओरडले. आता राग नाही, म्हणून लिहायला बसले. नीट समजून घ्या.

आपल्याला अळणी दिवस म्हणजे जिभेचा त्रास. एक दिवस तोंड वाईट करून काढायचा. तुमच्या दिरांनी काढला, त्यांना काही झालं नाही, कारण त्यांचं मीठ त्यांच्या अंगात राहत होतं. आचलचं राहत नाही. घाम आला की ते निघून जातं, आणि वरून घातलं नाही तर रक्तच अळणी होतं. ती गुरुवारी दिवसभर मीठ न खाता तापलेल्या मैदानावर पळत होती. थंडीत निभावलं. ऊन वाढलं आणि त्या गुरुवारी निभावलं नाही. बाई, तिला पळण्याने पाडलं असं तुम्हालाही वाटलं आणि मलाही वाटलं. मी तर बूट पेटीत कोंडले.

तुम्हाला हे माहीत नव्हतं. मी तुम्हाला औषधं मोठ्या अक्षरात लिहून दिली, मिठाचं पाणीही लिहिलं. पण त्या कागदावर मीठ हेही तिचं औषध आहे असं कुठे होतं? मॅडमचं मिठाचं बोलणं पुढे पत्रात लिहिलं, तेही पळण्याच्या ओघात. कोण आजी असं समजेल?

मी आचलला समोर बसवलं. ती दुधात भाकर कुस्करत होती. त्या दिवशी गुरुवारच होता. हॉस्पिटलातून येऊनसुद्धा तिने धरला होता! मी विचारलं, "गिरडच्या आजीले काय कबूल केलं तू?"

तिचा हात थांबला. "तुले कोणं सांगतलं?"

"तिनंच."

"मंग मोडला का तो?"

"तू मिठाचं पाणी काय करत होती?"

ती दाराकडे बघत म्हणाली, "जास्वंदीले टाकत होती."

बाई, मी ताक घातलं त्या जास्वंदीला. मुळं उकरून पाहिली. आणि पोरगी रोज माझ्या देखत पेला घेऊन अंगणात जायची, गुरुवारी रिकामा करून आणायची.

मी म्हटलं, "अगं, तुझ्या पायांत गोळे आले, डोळे फिरले, तेव्हा तरी सांगायचं डॉक्टरांना. आपल्या जिवाची भीती नाही वाटली?"

ती म्हणाली, "माह्या जिवासाठी नाई धरला आजी. गिरडची आजी म्हणे, मोडला तर घरावर येते. घरात कोण आहे? तूच तर आहेस. आबाजी असेच गेले. मंग तू गेली तर?"

तिच्या छातीत अंथरलं तर खळ्याएवढं काहीतरी आहे असं मी पुस्तकात वाचलं होतं आणि चकित झाले होते. पण त्या पोरीत आणखी काय काय घडी घालून ठेवलं आहे, ते पुस्तकात नाही. अंगातलं मीठ संपत असताना ती माझा जीव राखत होती.

प्रेरणा मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "सापडलं म्हणायचं." दहाएक दिवसांनी पुन्हा तपासायला बोलावलं आहे. रक्त ठीक असेल, बोटावरचा आकडा ठीक असेल, तर पहाटेच्या गारव्यात थोडं थोडं सुरू करता येईल, असं म्हणाल्या.

पण आचल मीठ घ्यायला तयार नाही. बाकीचे दिवस घेते, गुरुवारी नाही. मी सांगून पाहिलं, हेमराजने येऊन सांगितलं, मॅडमनी फोनवर सांगितलं. ती एकच म्हणते, "ज्यानं बांधला त्यानंच सोडायचा." आमच्या कोणाच्या हातात ते नाही, बाई. तुमच्या हातात आहे. एक गुरुवार तर गेला, पुढचा पाच दिवसांवर आला आहे, आणि ऊन रोज चढतं आहे.

मी तुमच्या श्रद्धेला काही म्हणत नाही. तुमचे भाऊ गेले तेव्हा तुम्ही मला धरून बसला होता, ते मी विसरले नाही. फक्त तो सोडा.

तुमची
विमल

•

गिरड
१८ एप्रिल

चि. विमल,

तुह्यं पत्र सुनेले वाचू दिलं नाई. मीच वाचलं. चष्मा पुसून पुसून वाचलं.

मी मारलं असतं वं त्या लेकराले. माह्या पुंडलिकाच्या नातीले. माह्या हातानं.

काल गुरुवार होता. त्या दिवशी तिनं काय खाल्लं असन, या विचारानं मले घास गेला नाई. सकाळीच टेकडी चढली. गुडघे कुरकुर करत होते, मी म्हटलं, करा. त्या पायरीवर बसली जिथं आचल बसली होती. मंग वर गेली. वर फुलं इकणारा एक म्हातारा चाचा बसते, जुनी ओळख आहे. त्याले सारं सांगतलं. तो काहीतरी बोलला, मले ऐकू नाई आलं. मंग तो ओरडला, "अरे बाई, बाबाने कब माँगा था नमक?" साऱ्या टेकडीनं ऐकलं. माकडंसुद्धा माह्याकडं पाहून राह्यली होती.

मी हात जोडले अन् मोठ्यानं बोलली, मले माहा आवाज ऐकू यावा म्हणून. म्हटलं, मी बांधला, मी सोडते. लेकराचा गुरुवार लेकराले वापस. अन् काई घ्यायचंच असन तर माह्याकडून घे. आता गुरुवारी अळणी मी. तो बी.पी.चा डॉक्टर नाचन आनंदानं. लोणच्याची बरणी शेजारणीले देऊन टाकली. तिनं इचारलं, काऊन? म्या म्हटलं, तुले का करायचं.

खालची चिठ्ठी आचलले दे. तू नको वाचू, तिलेच वाचू दे.

"चि. आचल, तुहे गुरुवार मी घेतले. घरावर काई येत नाई, मी वर जाऊन इचारून आली. तुह्या आजीले काई होत नाई, ते चिवट आहे. मीठ खा. पळ. थंडीत इकडं ये, तुह्यासंग मी चढीन. तू मांगं राह्यली तर मी थांबीन, मी राह्यली तर तू थांबजो. तुही गिरडची आजी."

शोभा

•

रोहणा
२५ एप्रिल

ती. शोभाबाई,

तुमचं पत्र काल, गुरुवारीच, दुपारी आलं. त्याच्या आदल्या दिवशीच आम्ही वर्ध्याहून तपासून आलो होतो. आचल पुन्हा त्या व्हरांड्यात चालली, मी दुसऱ्या टोकाला उभी होते, आणि या वेळी श्वास घेत होते. मॅडम म्हणाल्या, रक्तातलं मीठ जागेवर आलं आहे, छातीत कफ साठला आहे, तो काढायला हिला हलवलंच पाहिजे. पहाटे, थोडं, आणि कोणीतरी सोबत.

चिठ्ठी मी तिच्या हातात दिली. तिने उंबऱ्यात बसून वाचली. मग पुन्हा वाचली. "चिवट" वर हसली. हसताना खोकला आला, खोकताना डोळ्यांत पाणी आलं. ते हसण्याचं होतं, खोकल्याचं होतं की आणखी कशाचं, मी विचारलं नाही. तिने एक थेंब बोटावर घेतला, जिभेला लावला आणि म्हणाली, "आजी, हे तर खारंच आहे."

मी म्हटलं, "सगळ्यांचं खारं असते."

"शेळीले इचारू का?" म्हणाली. तुमच्या भावांनी तिला ती गोष्ट कधी सांगितली होती, मला माहीतच नव्हतं.

मग ती उठली, फडताळातून मिठाची वाटी काढली, समोरच्या वरणात चिमूट टाकली आणि खाल्लं. मी बघत राहिले. वाचायला शिकले तेव्हा पहिल्यांदा एक अख्खी ओळ माझी मला लागली होती, तेव्हा असं वाटलं होतं. त्यानंतर कालच.

बाई, तुम्ही वर चढलात, त्याबद्दल काय लिहू? तुमचे भाऊ असते तर म्हणाले असते, माही बहीण अजूनही माह्यापेक्षा हट्टी आहे.

आज पहाटे मी त्यांची पेटी उघडली, कोट बाजूला सारून बूट बाहेर काढले, झटकले, दाराबाहेर ठेवले आणि मीठ-लिंबाच्या पाण्याची बाटली भरून त्यांच्या शेजारी ठेवली.

तुमची
विमल